सात रात्री, आठ दिवस आणि साडू

भारत हा देश फार मोठा आहे, ही माझी पहिली तक्रार. उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम २,९३३ किलोमीटर हे आकडे शाळेत पाठ करताना अभिमान वाटायचा. तेव्हा रजेचा अर्ज भरायचा नसायचा. आता वाटतं, एवढा देश ठेवायचाच होता तर किरकोळ रजा तरी त्या मानाने द्यायच्या होत्या. थंडीचे कपडे नाहीत म्हणून कर्कवृत्ताच्या वरचा सगळा भाग आम्ही एका बैठकीत सोडून दिला. तरी खाली उष्ण कटिबंधातला जो देश उरतो, तो साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून कन्याकुमारीपर्यंत रस्त्याने सुमारे चौदाशे किलोमीटर भरतो. तो आम्हाला आठ दिवसांत बघायचा आहे.

आम्हाला म्हणजे साताऱ्याचे आम्ही, सांगलीचे आमचे साडू, दोघांची कुटुंबं आणि दोन्हीकडे समान असलेल्या सासूबाई. समर्थ रामदासांनी देश बघायला बारा वर्षं घेतली, असं सांगतात. ते आमच्याच सज्जनगडावर येऊन राहिले, त्यामुळे त्यांच्याविषयी आदर आहेच. पण त्यांच्याबरोबर साडू नव्हते, हेही लक्षात घेतलं पाहिजे.

दुसरी तक्रार तारखांची. साडूंचं घर सांगलीत आणि द्राक्षबाग तासगाव तालुक्यात. ज्याच्या नात्यात बाग नाही त्याला वाटतं, द्राक्षं वर्षातून एकदा येतात, उरलेलं वर्ष माणूस मोकळा. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये खरड छाटणी असते. ऑक्टोबरात फळछाटणी असते. त्यानंतर आभाळ आलं की डावणी येईल आणि आभाळ गेलं की भुरी येईल, म्हणून फवारणी असते. जानेवारीपासून माल आणि व्यापारी, दोघांवर एकदम नजर ठेवावी लागते. मार्चमध्ये उरलेल्या मालाचा बेदाणा. मोकळे महिने म्हणावेत तर जुलै-ऑगस्ट; पण तेव्हा कृष्णा वाढते. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर गेलं की धोका. २०१९ साली ते ५७ फुटांच्या पुढे गेलं. तेव्हापासून साडू पावसाळ्यात परगावी मुक्काम करत नाहीत. आमच्याकडे साताऱ्याला आले तरी जेवताना एक डोळा फुटांच्या आकड्यावर असतो.

आमच्या बाजूला मुलीची बोर्डाची परीक्षा आहे, म्हणजे फेब्रुवारी-मार्च गेले. ते जाऊन फारसं नुकसान झालं असंही नाही. मुन्नारजवळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात त्याच सुमारास नीलगिरी ताहर नावाच्या रानबकऱ्यांची वीण चालते आणि उद्यान पर्यटकांना बंद असतं. बकऱ्यांची बाळंतपणं, बारावीचे पेपर आणि तासगावचा बेदाणा एकाच मुहूर्तावर येतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात केरळात मोसमी पाऊस उतरतो. तो संपला म्हणावं तर ऑक्टोबरपासून तमिळनाडूत परतीचा सुरू होतो, तो डिसेंबरपर्यंत. सगळं वजा करत गेल्यावर नाताळचा आठवडा उरला. उरलेल्या देशानेही बहुधा हीच वजाबाकी केली असावी, कारण त्या आठवड्यात तो सगळा मुन्नारला असतो.

तिसरी तक्रार जायचं कसं याची. आगगाडी म्हटली की साताऱ्याच्या माणसाचा प्रवास स्टेशन गाठण्यापासून सुरू होतो, कारण आमचं स्टेशन शहरात नाही, माहुलीला आहे. ‘सातारा रोड’ नावाचं आणखी एक स्टेशन आहे. ते त्याहून लांब, कोरेगाव तालुक्यात. सांगलीकराला ही अडचण समजत नाही, कारण त्याच्याकडे सांगली स्टेशन आहे आणि वर मिरज जंक्शन आहे. मिरजेवरून देशात कुठेही जाता येतं, हे साडू आम्हाला इतक्या वेळा सांगतात, की जंक्शन त्यांच्या वडिलांनी बांधलं असावं अशी मुलांची समजूत झाली आहे. एर्नाकुलमला जाणारी पूर्णा एक्स्प्रेसही मिरजेवरूनच जाते. आठवड्यातून एकदा.

तिचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून मुदत निम्मी झाली. लोकांचे बेत बदलतात, तिकिटं रद्द होतात, म्हणून हा निर्णय झाला. यात एकत्र सहलीला निघणाऱ्या साडवांचा विचार झालेला दिसत नाही. आम्हाला एकमत व्हायलाच १२० दिवस लागतात. एकमत होईपर्यंत खिडकी उघडून, भरून, प्रतीक्षा यादीवर गेलेली असते. मग तत्काळ. तत्काळची वेळ आदल्या दिवशी वातानुकूलितसाठी सकाळी दहाची आणि स्लीपरसाठी अकराची. म्हणजे ज्या बेतावर आम्ही चार महिने भांडणार, तो होणार की नाही हे आदल्या दिवशी पाच मिनिटांत ठरणार. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच आहे. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती पुन्हा सुरू होईपर्यंत थांबावं, असं त्या सुचवतात. त्यांचं वय पाहता ही सूचना धाडसाची आहे.

विमानाचा प्रश्न त्याहून नाजूक. सातारकराच्या मते विमानतळ म्हणजे पुणे, ११० किलोमीटर. सांगलीकराच्या मते विमानतळ म्हणजे कोल्हापूर, पन्नासेक किलोमीटर. पुण्याला निघालो तर साडू म्हणणार, “घरापासनं एवढं उलटं कशाला?” कोल्हापूरला निघालो तर तिथून आधी बेंगळुरू किंवा हैदराबाद गाठायचं आणि मग कोची, म्हणजे दक्षिणेला जाण्यासाठी हैदराबाद बघायचं. शिवाय हैदराबादला उतरलोच, तर चारमिनार न बघता कसं जायचं? हा प्रश्न साडूंनी विचारला, आणि इथून चौथी तक्रार सुरू होते.

माझा मूळ बेत फक्त केरळचा होता. कोची, मुन्नार, ठेकडी, आलप्पुळा, घरी. व्हॉट्सॲपवर त्यासाठी ‘केरळ’ नावाचा गट काढला होता. त्या गटाचं नाव आज ‘दक्षिण भारत (फायनल)’ असं आहे आणि ते मी ठेवलेलं नाही. “पाव्हणं, एवढं लांब जातोयच तर कन्याकुमारी किती राहिली?” असं साडू म्हणाले. तिरुवनंतपुरमहून नव्वद किलोमीटर राहिली होती. तिथे स्वामी विवेकानंदांचं शिलास्मारक आहे. १९७० साली ते उभं केलं ते एकनाथ रानडे अमरावती जिल्ह्यातले, म्हणजे आपलेच; तेव्हा ते टाळणं बरं दिसलं नसतं. कन्याकुमारी आली म्हटल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदाच नकाशात लक्ष घातलं आणि रामेश्वर कुठे आहे, असं विचारलं. तीनशे किलोमीटरवर होतं. ते घेतलं. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की रामेश्वरची वाळू प्रयागला नेऊन सोडल्याशिवाय आणि गंगेचं पाणी रामेश्वराला घातल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही. प्रयाग तिथून दोन हजार किलोमीटरच्या वर आहे आणि थंडीच्या कपड्यांसाठी सोडून दिलेल्या निम्म्या देशात आहे. सध्या वाळू आणायची आणि प्रयागचं पुढे बघू, अशी तडजोड झाली आहे. त्यामुळे परतीच्या सामानात वाळू आहे.

मग साडूंनी इतिहास काढला. तंजावर तर आपलंच, म्हणाले. ते खरं आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतलं, पुढे भोसल्यांनी तिथे पावणेदोनशेच्या आसपास वर्षं राज्य केलं, सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, आणि बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, तो १८०३ सालचा. मराठी माणसाने एवढी मोठी वंशावळ दगडात कोरून ठेवल्यावर मराठी माणसाने जाऊन ती वाचू नये, हे योग्य नाही. ती मोठी इतकी आहे, की वाचायची म्हटलं तर मुक्काम वाढवावा लागेल, असं मी सांगून पाहिलं. “वाचायची कशाला, फोटो काढायचा,” असं उत्तर आलं.

तंजावर आलं की जिंजी येतेच. साताऱ्याच्या माणसाने जिंजीला नाही म्हणायचं, तर त्याने अजिंक्यताऱ्याकडे पाठ करून बसावं, असा साडूंचा सूर होता. राजाराम महाराज १६८९ साली पन्हाळ्यावरून निघाले, मोगलांना चुकवत, वेश बदलून, भरल्या नद्या ओलांडत जिंजीला पोचले. महिन्याहून अधिक दिवस लागले. तिथून परतल्यावर त्यांनी राजधानी केली ती साताऱ्याला. “त्यांनी एवढं केलं, मग आपल्याला एसी गाडीतनं जायला काय झालं?” या प्रश्नाला उत्तर देणं अवघड आहे. महाराजांना नाताळची सुट्टी संपायच्या आत परत यायचं नव्हतं, एवढंच मी म्हणू शकलो.

पाचवी तक्रार प्रवासी कंपन्यांच्या गणिताची. ‘सात रात्री, आठ दिवस’ यातल्या रात्री बरोबर सात असतात, दिवसांचं तसं नाही. पहिला दिवस म्हणजे कोचीच्या हॉटेलात दुपारी दोनच्या चेक-इनपर्यंत बॅगांची राखण. आठवा दिवस म्हणजे नाश्ता आणि विमानतळ. मधल्या सहांपैकी कोची ते मुन्नार १३० किलोमीटरला चार-पाच तास, मुन्नार ते ठेकडी नव्वद किलोमीटरला तीन-चार तास. एवढ्या वेळात खंबाटकीत अडकूनसुद्धा माणूस पुणे गाठतो. उष्ण कटिबंधातला दिवस डिसेंबरात साधारण बारा तासांच्या आत असतो, आणि त्यातला निम्मा पुढच्या सीटच्या पाठीकडे बघण्यात जातो. हे पत्रकात ‘निसर्गरम्य प्रवास’ या नावाने येतं.

आलप्पुळ्याच्या हाउसबोटीचं वेळापत्रक तर मुळातून वाचण्यासारखं आहे. दुपारी बाराला बोटीत चढायचं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास बोट काठाला लागते, कारण त्यानंतर पाण्यावर मासेमारांची जाळी पडतात. बहुतेक बोटींत एसी रात्री नऊला सुरू होतो आणि सकाळी सहाला बंद होतो. नऊ वाजता उतरायचं. म्हणजे बोट चालते तेव्हा एसी नाही, आणि एसी चालतो तेव्हा बोट नाही. साडूंचा मात्र तत्त्वालाच विरोध होता. “पाण्यात गेलेलं घर आम्ही बघितलंय. पाण्यावरचं घर बघायला वर पैसे द्यायचे?” सांगलीच्या गावभागात पुराचा चिखल काढलेल्या माणसाला यावर काय सांगणार?

यातूनच सहावी तक्रार पुढे येते. आमच्या दोन जिल्ह्यांत देवाने गरजेपेक्षा जास्त देऊन ठेवलं आहे, आणि त्यामुळे बाहेर काही बघायची सोय राहिलेली नाही. मुन्नारचे फोटो दाखवले, की उत्तर येतं, महाबळेश्वर. धबधबा दाखवला की ठोसेघर. तलाव दाखवला की बामणोलीचं शिवसागर. मुन्नारच्या डोंगरांवर बारा वर्षांतून एकदा नीलकुरिंजी फुलते, गेल्या वेळी २०१८ मध्ये फुलली, आता २०३० मध्ये फुलेल, असं मी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. त्यावर आमच्या मुलीने सांगितलं, की कुरिंजी म्हणजे आपल्या कारवीचीच बहीण, आणि आपली कारवी सात-आठ वर्षांत फुलते. म्हणजे आपलीच लवकर. मदुराईच्या मीनाक्षी मंदिराचं दक्षिण गोपुर पन्नास मीटरहून उंच आहे, हे सांगून झाल्यावर साडू म्हणाले, “गोपुर आमच्या तासगावला पण हाय.” आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी गणपतीच्या देवळापुढे दक्षिणी पद्धतीचं सात मजली गोपुर बांधलं, ते साडूंना बागेला जाता-येता रोज दिसतं. मग तुम्ही येता कशाला, असं विचारायचं फक्त माझ्या ओठांवर राहिलं. ते येतात, कारण आपल्याकडचं मोठं आहे हे तिथे जाऊन सांगण्यात वेगळी मजा आहे.

सातवी तक्रार देवांच्या वेळांची. आमचा विठोबा दिवसभर उभा असतो. दक्षिणेतले देव दुपारी बाराच्या सुमारास विश्रांती घेतात आणि चार-पाचला उठतात. आठ दिवसांचा आराखडा आखणारा माणूस कितीही हुशार असो, त्याची गाडी देवळापुढे साडेबारालाच पोचते. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांना कमरेला मुंडू आणि वर काही नाही, असा नियम आहे. साडूंनी सदरा काढण्याला हरकत घेतली नाही; बनियन काढण्यावर चर्चा अजून चालू आहे. मदुराईच्या मंदिरात मोबाइल नेता येत नाही, यावर मुलांनी मदुराईच गाळावी असा ठराव मांडला. कन्याकुमारीच्या खडकावर जाणारी बोट दुपारी चारच्या सुमारास बंद होते. म्हैसूरच्या राजवाड्यावरचे जवळपास एक लाख दिवे रविवारी आणि सणावारी, तेही तासाभराहून कमी लागतात. उटीला गाडी न्यायची तर मे २०२४ पासून ई-पास काढावा लागतो. म्हैसूर-उटी वाटेवरचं बंडीपूरचं जंगल रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतं. या प्रत्येक नियमामागे चांगलं कारण आहे, हे मला मान्य आहे. एकही नियम साडवांच्या सोयीने केलेला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. म्हैसूर आमच्या बेतात आलं कधी, हेही मला कळलेलं नाही. “वाटेतच आहे,” असं त्याच्यापुढे लिहिलेलं सापडलं.

जेवणाबद्दल तक्रार करायची तर ती आमच्याच माणसांबद्दल करावी लागेल. खोबरेल तेलातलं पोटाला सोसणार नाही, असा निकाल सासूबाईंनी मिरजेच्या अलीकडेच दिला आहे. म्हणून सांगलीहून भडंग येणार, साताऱ्याहून कंदी पेढे, शिवाय दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लसणाचा ठेचा. परतीच्या वाळूपेक्षा जाताना हे सामान जड आहे. काही प्रवासी कंपन्या तर सोबत आचारीच नेतात आणि पत्रकात ‘रोज मराठी जेवण’ हे सर्वांत मोठ्या अक्षरांत छापतात. हजार किलोमीटर जाऊन चहाच्या मळ्यात पिठलं-भाकरी खाण्यात माझी हरकत नाही. पण मग पोवई नाक्यावरच चहा प्यायला काय वाईट होतं?

आता कोणी म्हणेल, हा सगळा साडूंचा दोष आहे. तसं नाही. साताऱ्याला राहणाऱ्या माणसाकडे बाहेरून पाहुणे येतात, तेव्हा त्यांच्या खिशातूनही असाच कागद निघतो. शनिवार-रविवारच्या दीड दिवसात प्रतापगड, महाबळेश्वर, पाचगणी, वाईचा गणपती, सज्जनगड, ठोसेघर आणि कास. कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तर ते सक्तीचंच झालं आहे. पाहुणे मे महिन्यात येतात आणि पठारावर उभं राहून विचारतात, “फुलं कुठायत?” फुलं सप्टेंबरात असतात, त्यांनाही वेळापत्रक आहे, असं सांगितलं की आपण मुद्दाम लपवून ठेवल्यासारखे बघतात. मग म्हणतात, एवढं आलोच आहोत तर नरसोबाची वाडी किती लांब? ती कोल्हापूर जिल्ह्यात आहे. तरी जातात. तिथून साडूंकडे जेवायला जातात, आणि साडू त्यांना औदुंबर सुचवतात.

हे सगळं एकत्र ठेवून पाहिलं म्हणजे लक्षात येतं, की बेत जागा बघण्यासाठी आखलेलाच नसतो. परत आल्यावर जे चौकशीला येतील, त्यांच्यासाठी तो आखलेला असतो. आपल्याकडे सहलीहून आलेल्या माणसाला ‘बरं वाटलं का?’ असं कोणी विचारत नाही. ‘काय काय झालं?’ असं विचारतात, आणि लगेच ‘मग अमुक राहिलं का?’ असं. आमच्या शेजारी एक निवृत्त काका आहेत, ते सगळीकडे जाऊन आले आहेत. त्यांना आपण कुठलंही नाव सांगितलं, की ते त्याच्या पुढचं गाव सांगतात. कन्याकुमारी पाहून आलो म्हणणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी “मग सुचिंद्रम नाही केलंत?” एवढंच विचारलं. ते गृहस्थ पुढच्या वर्षी पुन्हा गेले.

त्यामुळे अंतिम आराखड्याला मी आता हरकत घेतलेली नाही. मिरजेहून निघायचं, बेंगळुरूवरून मिरजेला परतायचं. मधे मुन्नारला रात्र, आलप्पुळ्याला बोट, कन्याकुमारीला खडक ‘बोट मिळाल्यास’, रामेश्वरला वाळू, मदुराईला गोपुर बाहेरून, जिंजी गाडीतून, म्हैसूर दिव्यांशिवाय. तंजावरला चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांत तंजावर बघून होत नाही, हे साडूंनाही मान्य आहे. पण काकांना ‘झालं’ म्हणून सांगायला तेवढी पुरतात, आणि त्यातली दहा साडूंनी तासगावच्या गोपुराबद्दल तिथल्या गाइडला सांगण्यासाठी राखून ठेवली आहेत.